गडावर नि शेतात ड्रोन उडवायचाय, कायद्याने नक्की कुठे चालतं?

रानवाटा

मंडळी, मित्राकडून एक छोटा ड्रोन घेतलाय, सेकंडहँड, वजन २४९ ग्रॅम. अजून गच्चीच्या वर नेलेला नाही कारण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो २५० ग्रॅमच्या आत असेल तर कोणाच्या बापाला विचारायची गरज नाही, दुसरा म्हणतो पोलिसांची एनओसी लागतेच, तिसऱ्याने तर थेट सांगितलं की भारतात ड्रोनला बंदीच आहे, विकून टाक. मला यातून कमाई वगैरे काही करायची नाही, ट्रेक करतो, गड वरून कसे दिसतात ते बघायचंय, आणि गावी ओढ्याकाठी आमचं शेत आहे ते पावसाळ्यात वरून शूट करायचंय, एवढंच.

तर स्वतःच्या शेतात उडवायला परवानगी लागते का, लोहगड आणि हरिश्चंद्रगडावर (कोकणकडा!!) चालतं का, आणि ड्रोनच्या ॲपमध्ये जो नकाशा येतो त्यात लाल काही दिसत नसेल तर जागा ओके समजायची का? कायद्याचं बोला प्लीज. 'मी उडवला, काही झालं नाही' वाले अनुभव नकोत, ते यूट्यूबवर पोत्याने पडलेत.

---

मोकळंआभाळ

२४९ ना? मग नॅनो झाला. नॅनोला काहीच लागत नाही. बिनधास्त उडवा, फक्त एअरपोर्टच्या जवळ नको.

---

चारपंखी

वरच्या प्रतिसादावर विसंबून कोणी गडावर जाऊ नका रे बाबांनो, म्हणून जरा लांबण लावतो.

आत्ता जे लागू आहेत ते ड्रोन नियम २०२१, ऑगस्ट २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी मार्चमध्ये आधीचे किचकट नियम आले होते, ते काढून हे आणले. लोक अजून त्या जुन्या नियमांचे किंवा त्याच्याही आधीच्या २०१८ च्या अटींचे स्क्रीनशॉट फिरवत असतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच येतो. वजनाचे गट असे की २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल. त्याच्या वरच्यांशी आपल्याला घेणंदेणं नाही.

नॅनोला सूट आहे हे खरं, पण कशातून ते बघा. पायलट सर्टिफिकेट नको, टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल मंजूर असल्याचा दाखला) नको, थर्ड पार्टी इन्शुरन्स नको. हे सगळं नियमात नॅनोचं नाव घेऊन लिहिलंय. नोंदणीच्या कलमात मात्र नॅनोला वगळलंय असं कुठेही लिहिलेलं नाही, तिथे प्रत्येक ड्रोनला युनिक नंबर म्हणजे यूआयएन घ्या असंच आहे, फी १०० रुपये. तुमचा सेकंडहँड आहे तर मित्राने नंबर काढला होता का ते आधी विचारा, काढला असेल तर तो तुमच्या नावावर ट्रान्सफर करून घ्यावा लागतो. नसेल तर का नव्हता आणि ड्रोन आला कुठून तेही विचाराच, कारण फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरचा तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, संरक्षण, सुरक्षा, संशोधन अशी कामं सोडून. 'भारतात ड्रोनला बंदी' हे जे तुमच्या तिसऱ्या मित्राने सांगितलं ते बहुतेक यातूनच आलंय. बंदी आयातीला आहे, उडवायला नाही.

आता कुठे उडवायचा. याला नॅनो, मायक्रो काही नाही, सगळ्यांना सारखं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवर देशाचा नकाशा आहे, हिरवा पिवळा लाल. हिरव्यात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत कोणाची परवानगी नको. त्याच्या वर गेलात की तीच जागा पिवळी, म्हणजे एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला) विचारायचं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्याची उंची निम्मी होते, २०० फूट, ६० मीटर. ८ च्या आत तर कुठल्याच उंचीला विनापरवानगी नाही. आणि लाल म्हणजे थेट केंद्र सरकारची परवानगी, आपल्यासारख्या हौशी लोकांनी तिथे विषय सोडून द्यायचा.

उडवायच्या आधी नकाशा बघणं ऐच्छिक नाही बरं का, नियमातच आहे. मागच्या महिन्यात बघितलेला चालत नाही, त्या दिवशीचा बघायचा, कारण एसपी दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत एखादी जागा तात्पुरती लाल करू शकतो. व्हीआयपी दौरा, मोठी यात्रा, दंगल काहीही कारण असू शकतं. नवी मुंबईचंच घ्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आता त्या पट्ट्यातले जुने 'इथे बिनधास्त उडवतो' वाले व्हिडिओ बघून कोणी गेलं तर काय होईल सांगायला नको.

तुमच्या ॲपमधला नकाशा कंपनीचा असतो, सरकारचा नाही. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने तर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत आपलं ते सक्तीचं लॉकिंगच काढून टाकलं, आता नुसता इशारा देतात, उडवायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा. त्यामुळे ॲपने अडवलं नाही म्हणजे कायद्याने चालतं असं धरू नका. उलटंही होतं, ॲप अडवतं आणि सरकारी नकाशात जागा हिरवी असते.

---

मोकळंआभाळ

अहो पण एवढं कोण बघतं? गावाकडं लग्नात रोज ड्रोन उडतायत.

---

चारपंखी

लग्नातला ड्रोन म्हणजे धंदा. तिथे मायक्रो असेल तर उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. मायक्रोला जी सर्टिफिकेटातून सूट आहे ती बिगरव्यावसायिक वापरापुरती. किती जणांकडे असतं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी इथे बोलणार नाही.

---

काळाकोट

चारपंखी यांनी आकाशाचं चांगलं सांगितलंय. पण रानवाटा यांनी विचारलंय गडाचं, आणि तिथे खरी अडचण आकाशात नाहीच, पायाखाली आहे. डिजिटल स्कायचा हिरवा रंग एवढंच सांगतो की हवाई वाहतुकीच्या बाजूने हरकत नाही. तुम्ही जिथे उभं राहून ड्रोन सोडता ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि तिला कुठला कायदा लागू आहे हे तो नकाशा सांगत नाही, सांगणं त्याचं कामही नाही.

लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हेही त्यांच्याचकडे. तिथे ड्रोनने चित्रीकरण करायचं तर खात्याची लेखी परवानगी आधी घ्यायची, गेटवर जाऊन 'साहेब पाच मिनिटं' असं चालत नाही. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, म्हणजे अर्ज दुसऱ्या दारात. हे सगळे किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून लोकांचं येणंजाणं वाढलंय आणि लक्षही वाढलंय.

हरिश्चंद्रगडाचं प्रकरण निराळंच आहे. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात आपण जातो तेच मुळी वन्यजीव कायदा १९७२ खालच्या परवान्यावर जातो, कलम २७ आणि २८ वाचून बघा, फोटोग्राफीचा उल्लेख २८ मध्येच आहे. नाक्यावर जी पावती फाडता ती प्रवेशाची, ड्रोनची नाही. ड्रोनला मुख्य वन्यजीव रक्षकांकडून परवानगी लागते आणि हौसेखातर ती मिळेल या आशेवर ट्रेकचा प्लॅन करू नका. वासोट्याला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, तो कोयना अभयारण्यात आहे, भीमाशंकरचं जंगलही अभयारण्यच.

यात नॅनोची पळवाट नाही. पुरातत्त्व आणि वन्यजीव दोन्ही कायद्यांना तुमच्या ड्रोनचं वजन विचारायची गरजच पडत नाही.

---

रानवाटा

बाप रे. म्हणजे नकाशा हिरवा असूनही गड बाद? मग मला कोणीतरी सांगितलं होतं की स्मारकापासून १०० मीटर लांब उभं राहून उडवलं की चालतं, ते काय आहे? गडाच्या पायथ्याच्या गावातून सोडला तर?

आणि कोकणकड्याबद्दल अजून एक शंका, १२० मीटर मोजायचे कुठून? मी कड्यावर उभा असेन तर माझ्यापासून वर १२० मीटर, बरोबर?

---

काळाकोट

ते १०० मीटर आणि २०० मीटर बांधकामाबद्दल आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई, त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगीने, असं २०१० च्या दुरुस्तीत आलं. कोणीतरी ते उचलून ड्रोनला चिकटवलं आणि आता ग्रुपवर फिरतंय. लांबून सोडला तरी ड्रोन गडाच्या बुरुजांवर फिरवणार असाल तर तुम्ही स्मारकाचंच चित्रीकरण करताय, आणि पहारेकऱ्याला घरघर ऐकू येतेच. लांबूनच, गडाच्या हद्दीत न शिरता, समोरच्या मोकळ्या रानातून दृश्य टिपणं वेगळं. तिथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे, जमीन खासगी असेल तर मालकाला विचारलंत म्हणजे झालं.

---

चारपंखी

कड्याचा प्रश्न मस्त आहे, बहुतेक लोक इथेच गंडतात.

रिमोटच्या स्क्रीनवर जी उंची दिसते ती तुम्ही जिथून टेकऑफ केलात त्या दगडापासूनची. खाली जमीन किती खोल आहे त्याच्याशी तिला घेणं नाही. तुम्ही कोकणकड्याच्या काठाशी बसून ड्रोन नुसता समोर चाळीस-पन्नास मीटर ढकललात, वर अजिबात नेला नाहीत, तरी स्क्रीनवर H च्या पुढे दोन-तीन मीटर दिसणार आणि ड्रोनच्या पोटाखाली हजार फुटांहून जास्त पोकळी. आपल्या नियमात हिरवा झोन जमिनीच्या वर ४०० फुटांपर्यंतच. म्हणजे कड्याच्या बाहेर पाऊल टाकल्या टाकल्या, एकही मीटर वर न जाता, तुम्ही पिवळ्यात. हे फक्त कोकणकड्याला नाही, सह्याद्रीतल्या कुठल्याही कड्याला लागू आहे, अगदी अभयारण्य नसलेल्या निनावी डोंगरालासुद्धा.

याच्या उलट चूक दरीतून वर चढवताना होते. पायथ्यापासून सोडला, स्क्रीनवर ११० मीटर, तुम्हाला वाटतं संपली हद्द, पण ड्रोन उताराच्या वर आहे आणि खाली झाडं वीस मीटरवर. तिथे कायदा नाही मोडत, ड्रोन मोडतो.

---

सातासमुद्रापार

जर्मनीत असतो म्हणून इथलं सांगतो. युरोपात पण १२० मीटरच, पण इथल्या नियमात लिहिलंय की जमिनीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून मोजायचं. म्हणजे कड्याच्या भिंतीपासून आडवं अंतरसुद्धा धरतात, भिंतीला धरून उडवलं तर खाली कितीही खोल असू दे, चालतं. डोंगरात उडवणाऱ्यांना त्यामुळे बरंच सोपं जातं. भारतात तशी सोय करायला हवी होती असं वाटतं. बाकी इथे २५० ग्रॅमच्या आतल्यालासुद्धा कॅमेरा असेल तर मालकाची नोंदणी लागते, खेळणं म्हणून विकलेला असेल तरच सुटका, त्यामुळे नॅनो म्हणजे सगळं माफ हा समज इकडेही खोटाच आहे.

---

दगडधोंडा

ट्रेकरच्या बाजूने दोन शब्द. कायदा राहू द्या बाजूला, कड्यात गिधाडं आणि ससाणे घरटी करतात हो, त्यांच्या तोंडासमोर हा भुंगा नेऊन नाचवायचा कशाला? शिकारी पक्षी ड्रोनवर झडप घालतात, पंख्यात पाय अडकतो, मग पक्षीही गेला नि तुमचा खेळही गेला. शिवाय आग्यामोहोळ! गडांवर दरवर्षी कुठे ना कुठे माश्या उठतात, तुम्ही उडवताय कड्याच्या पोटात जिथे पोळी लटकतायत, आणि पळायला लागतं मागच्या पन्नास लोकांना. एका गडावर एकाला अडवून मेमरी कार्ड काढून घेतल्याचं मी बघितलंय, तो बिचारा मोबाइलवर हिरवा नकाशा दाखवत होता आणि पहारेकरी म्हणत होता तुमचा नकाशा मला काय करायचाय. काळाकोट यांनी वर लिहिलंय तेच, पण भांडणाच्या भाषेत.

---

रानवाटा

ठीक आहे, गड सोडला. म्हणजे रीतसर अर्ज करून बघेन, मिळाली परवानगी तर मिळाली. शेताचं सांगा आता. नकाशात बघितलं, आमचं गाव पूर्ण हिरवं आहे, विमानतळ जवळपास कुठेच नाही. पोलिस एनओसी लागते की नाही? गावात दोन वर्षांपूर्वी रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

---

काळाकोट

ड्रोन नियमांनुसार हिरव्या झोनमध्ये पोलिसांची एनओसी नावाचा प्रकार नाही. स्वतःचं शेत असो की दुसऱ्याचं, झोन हिरवा, उंची १२० मीटरच्या आत, ड्रोन नजरेच्या टप्प्यात, नोंदणी झालेली, तर परवानगी मागायची कोणाकडे हाच प्रश्न येतो. उलट शेत स्वतःचं आहे म्हणून लाल झोनमध्ये काही सवलत मिळते असंही नाही, सातबारा जमिनीचा असतो, हवेचा नाही.

पण एक मेख आहे. पोलिस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) मनाई आदेश काढतात आणि त्यात ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून असं सगळं एका ओळीत बसवलेलं असतं. मुंबईत असे आदेश एकामागून एक निघत असतात. हा आदेश वेगळ्या कायद्याखाली निघतो त्यामुळे डिजिटल स्कायच्या नकाशात तो दिसेलच असं धरून चालू नका, वर्तमानपत्रात किंवा पोलिसांच्या हँडलवर प्रेसनोट येते. मोडलात तर बीएनएस म्हणजे नव्या दंडसंहितेचं कलम २२३ लागतं. ड्रोन नियमांखालचा दंड वेगळा, तो एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

तुम्ही म्हणता ते रात्रीचे ड्रोन २०२४ च्या पावसाळ्यातले, पुणे ग्रामीणपासून मराठवाड्यापर्यंत ती आवई होती. त्या भीतीने लोकांनी भलत्यालाच पकडून चोपायची वेळ येते. म्हणून कायद्याने गरज नसली तरी पोलिसपाटलांना आणि बीटच्या हवालदारांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, अमुक गटात, दिवसा, अमुक वेळेत उडवणार आहे. नंबराचा स्क्रीनशॉट पाठवून ठेवा. याला परवानगी म्हणू नका, माहिती म्हणा, नाहीतर पलीकडून 'लेखी अर्ज आणा' सुरू होतं आणि मग तुम्हीच पायंडा पाडलेला असतो.

आणि शेजारच्या वस्तीवर, न्हाणीघराच्या वर, बायका धुणं धुतात त्या ओढ्यावर कॅमेरा फिरवू नका. ड्रोन नियमांत खासगीपणाबद्दल फारसं काही नाही पण बाईचं चोरून चित्रण करण्याविरुद्धचं बीएनएस ७७ आहे, आणि त्यात ड्रोनने काढलं की मोबाइलने हे कोणी विचारत नाही.

---

मोकळंआभाळ

मानलं. पण मला सांगा, रानवाटाने हा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि चार पैसे आले तर तो धंदा झाला का?

---

चारपंखी

नॅनो असेल तर त्याने फरक पडत नाही, नॅनोला धंद्यासाठीसुद्धा पायलट सर्टिफिकेट नको. प्रश्न येतो मायक्रोला. माझ्या मते जाहिरातीचे पैसे घेताय म्हणजे हौस संपली, सर्टिफिकेट काढा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळतं, वय १८ पूर्ण आणि दहावी पास लागतं.

---

काळाकोट

मी इतकं ठाम म्हणणार नाही. उडवताना हेतू काय होता हे बघावं लागेल. ट्रेकचा व्हिडिओ टाकला, सहा महिन्यांनी चॅनल चाललं, म्हणून आधीचं उड्डाण व्यावसायिक ठरवणं ओढूनताणून होईल. पण रिसॉर्टवाल्याने सांगितलं म्हणून उडवलात तर मग वाद नको.

---

चारपंखी

रिसॉर्टचं मान्य, बाकी मी माझ्या मतावर ठाम. असो.

रानवाटा, जाता जाता बॅटरीचं राहिलं. मित्राने मोठी बॅटरी दिलीय का बघा, ती जास्त वेळ चालणारी जाडजूड मिळते ती. २४९ ग्रॅम हे साध्या बॅटरीचं वजन आहे. मोठी घातली की वजन २५० च्या पार जातं, आणि नियमात वजन धरतात ते बॅटरीसकट, कॅमेऱ्यासकट, वर लावलेल्या गार्डसकट उडताना जेवढं असेल तेवढं. म्हणजे सकाळी नॅनो असलेला ड्रोन दुपारी बॅटरी बदलून मायक्रो होतो आणि मग इन्शुरन्स हवा. घरातल्या डिजिटल काट्यावर सगळं लावून एकदा ठेवून बघा.

---

रानवाटा

दोन बॅटऱ्या दिल्यात, एक जाडी आहे. काट्यावर ठेवला, जाडीसकट २९० च्या आसपास. तिला आता कपाटात टाकतो, शेत साध्या बॅटरीवर होईल. मित्राला नंबराचं विचारलं तर म्हणतो 'कसला नंबर', म्हणजे आता आधी ते निस्तरायला लागणार. पोलिसपाटील नात्यातलेच निघाले, ते म्हणाले उडव पण आमच्या द्राक्षबागेवरून पण एक फेरी मार.

---

काळाकोट

मारा, पण आधी नंबर काढा.